क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन बंद पडलं. ब्राउझर बदलावा का?

सडेकर (गुहागर)

माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, गणपतीतली रेल्वेची तिकिटं, दिवसभराचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं. म्हणून सरळ सांगतो: ज्याला जाहिराती आणि पाळत रोखायची आहे त्याने क्रोम सोडून फायरफॉक्स घ्यावा.

झालं काय ते आधी थोडक्यात. गुगलने २०१८ च्या अखेरीस एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी, नव्या नियमावलीचा आराखडा आणला, मॅनिफेस्ट व्ही३. २०२४ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि २०२५ च्या मध्याला क्रोममधला त्यांचा कारभार आटोपला. रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, त्यातच गेलं. जुन्या पद्धतीत पान उघडताना ब्राउझर बाहेर जी जी विनंती पाठवणार, ती आधी एक्स्टेन्शनपुढे यायची. ते स्वतःचा कोड चालवून ठरवायचं, ही जाऊ दे, ती अडव. आता एक्स्टेन्शनने नियमांची यादी ब्राउझरच्या हवाली करायची आणि ताडून बघायचं काम ब्राउझर करणार. यादीलाही मर्यादा आहे: प्रत्येक एक्स्टेन्शनला ३०,००० नियमांची हमी आणि त्यापुढे सगळ्यांत मिळून सुमारे ३,००,००० चा सामाईक साठा. आकडा तसा मोठा आहे. माझा आक्षेप आकड्यावर नाही, अडवायचं की नाही हे कोण ठरवतो यावर आहे. इथे ठरवणाऱ्या कंपनीचं तीन चतुर्थांशाच्या आसपास उत्पन्न जाहिरातींतून येतं.

दुकानात याचा अर्थ काय होतो? 'सातबारा' असं शोधलं की कधी कधी सगळ्यात वर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेली साइट येते. रंग सरकारी, नाव सरकारीसारखं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची फी १५ रुपये आहे, पण अशा ठिकाणी शे-दोनशे भरून आलेली वयस्कर माणसं माझ्याकडे येतात आणि उतारा मिळालेलाच नसतो. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नेमक्या अशाच शोधातल्या जाहिरातींबद्दल इशारा देताना लोकांना जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा असा सल्ला दिला होता. तिकडचे पोलीस जे वापरा म्हणतात, त्याचेच हात इथे बांधले जातायत.

कातळसडा (रत्नागिरी)

सडेकर, राग समजतो, पण ही एकच बाजू झाली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो, आणि मला नवी नियमावली बऱ्याच अंशी योग्य वाटते.

'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं. वीस लाखांवर लोक ते वापरत होते. मूळ लेखकाने ते २०२० मध्ये दुसऱ्या कुणाला विकलं, नव्या मालकाने त्यात भलतंच काही घुसवलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते काढून टाकावं लागलं. तोवर ते लोकांच्या ब्राउझरमध्ये बसून होतं. 'सगळ्या साइटवरचा मजकूर वाचा आणि बदला' ही परवानगी आपण एका क्लिकवर देऊन टाकतो. त्याच ब्राउझरमध्ये बँकही उघडतो. नव्या नियमांनी एक्स्टेन्शनला बाहेरून कोड आणून चालवायला बंदी केली, ही मोठी गोष्ट आहे.

शिवाय नियमांची यादी ब्राउझरकडे द्यायची ही कल्पना काही गुगलची नाही. ॲपलने आयफोनवर २०१५ मध्ये हेच केलं, आणि तिथे लोक ते खाजगीपणा जपणारं म्हणून नावाजतात. क्रोमसाठी त्याच रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. माझ्या घरी आईवडिलांच्या लॅपटॉपवर तेच टाकलंय. त्यांना काही फरक जाणवलेला नाही.

सडेकर (गुहागर)

बाहेरचा कोड बंद केला ते चांगलंच केलं, त्याला माझा पाठिंबा आहे. पण तेवढंच करून थांबता आलं असतं. नव्या नियमावलीतही एक्स्टेन्शनला विनंत्या *बघता* येतात, परवानगी असेल तर पानात शिरून मजकूर वाचताही येतो. म्हणजे ज्याला चोरी करायची आहे त्याची वाट बरीचशी मोकळी आहे. काढून घेतली ती आयत्या वेळी *अडवण्याची* ताकद. सुरक्षेसाठीच सगळं होतं, तर नेमकी तीच का गेली, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ॲपलचा मुख्य धंदा फोन विकण्याचा आहे. जाहिरात अडली म्हणून त्यांचं पोट दुखत नाही. पद्धत तीच असली तरी करणाऱ्याचा स्वार्थ बघायला नको का?

लाइट आईवडिलांना पुरतं हे मान्य. त्याच्या याद्या मात्र मुख्यतः एक्स्टेन्शनचं नवं व्हर्जन आलं की बदलतात. फसवणुकीची साइट आज उगवते आणि परवा नाव बदलते. त्या मधल्या दिवसांत माणूस फसतो.

आगोम_घर (दापोली)

आमचं हर्णै रस्त्याला न्याहारी-निवास आहे. माझा अनुभव सडेकरांच्या बाजूचा, पण मला ब्राउझरपेक्षा फोनचं बोलायचंय. आमच्याकडे येणारे पाहुणे आणि गावातली माणसं, दोघंही सगळं फोनवरच करतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकायची सोयच नाही, जुनीही नव्हती आणि नवीही नाही. म्हणजे जुनी नियमावली (व्ही२) की नवी (व्ही३) हा वाद आमच्या ऐंशी टक्के माणसांपर्यंत पोचतच नाही, असं मी अंदाजाने म्हणते.

आमच्या घराचं नाव शोधलं तर वर दुसऱ्याच कुणाच्या बुकिंगची जाहिरात येते. मागच्या दिवाळीत एक कुटुंब पुण्याहून आलं, लहान मूल झोपलेलं, हातात बुकिंगची पावती. पावतीवर नाव आमचं, फोटो आमच्या अंगणातल्या झोपाळ्याचा, पैसे तिसऱ्याच्या खात्यात गेलेले. खोल्या भरलेल्या होत्या. पडवीत गाद्या घालून दिल्या, दुसरं काय करणार? त्या बाई रडत होत्या. जाहिरात अडवणं म्हणजे निव्वळ व्हिडिओ आधी बघायची घाई नव्हे, हे मला तेव्हापासून पक्कं पटलंय.

तर फोनसाठी: फायरफॉक्सच्या अँड्रॉइड ॲपमध्ये एक्स्टेन्शन चालतात, डिसेंबर २०२३ पासून तर बरीचशी खुली झाली आहेत, आणि यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीचं चालतं. आमच्याकडे पावसात रेंज जेमतेम एक काडी असते. जाहिराती उतरायच्या थांबल्या की तेवढ्या रेंजमध्येही पान उघडतं, हा फरक डोळ्यांनी दिसतो.

तळकोकण_वार्ता (कणकवली)

आता माझं ऐका. मी आणि माझा एक मित्र तालुक्याच्या बातम्यांचं पोर्टल चालवतो. घाटात दरड कोसळली, पुलावर पाणी आलं, आंबा कॅनिंगला काय दर निघाला, हे मुंबईतली वर्तमानपत्रं वेळेवर देत नाहीत, आम्ही देतो. वाचकाकडून एक रुपया घेत नाही. पानावरच्या जाहिरातींतून सर्व्हर आणि पेट्रोल निघतं, महिना बरा गेला तर मुलाखती टाइप करणाऱ्या मुलीचं मानधन. तुम्ही सगळे जे अडवता, ते आमचं मानधन आहे.

फसव्या जाहिरातींचं दुःख खरं आहे, ताईंनी सांगितलं ते वाचून वाईट वाटलं. पण त्याचा बंदोबस्त जाहिरात विकणाऱ्या कंपनीने करायला हवा. तिला धारेवर धरा, तक्रारी करा. सरसकट सगळंच अडवून टाकलं तर मोठ्या कंपन्यांचं काही बिघडत नाही, ते वर्गणी लावतील, ॲप काढतील. पहिला मरतो तो आमच्यासारखा. मग दरडीची बातमी तुम्हाला व्हॉट्सॲपवर मिळेल, तीही मागच्या वर्षीच्या फोटोसकट.

म्हणून गुगलने एक्स्टेन्शनला लगाम घातला याचं मला वाईट वाटत नाही.

भरडावरचो (मालवण)

माझ्याकडे जुनो लॅपटॉप आसा, चार जीबी रॅमचो. क्रोमात पाच टॅब उघडले की थांबता. फायरफॉक्स चलतलो काय? आणि ब्रेव्हचा काय?

कातळसडा (रत्नागिरी)

@भरडावरचो, चालेल, पण चार जीबीत चमत्काराची अपेक्षा नको. टॅब कमीच ठेवा. ब्रेव्ह क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर उभा आहे, पण त्याची जाहिरात अडवायची यंत्रणा एक्स्टेन्शन नाही, ब्राउझरच्या आतच आहे. म्हणून व्ही३ ची मर्यादा तिला लागत नाही. एवढं माहीत असू द्या की त्याच ब्रेव्हने २०२० मध्ये पत्त्याच्या पट्टीत क्रिप्टो साइटचं नाव टाइप केलं की स्वतःच्या कमिशनची लिंक जोडली होती. बोंब झाल्यावर त्यांनी माफी मागून ते काढलं.

सडेकर, स्वार्थाचाच मुद्दा असेल तर फायरफॉक्सकडेही बघा. तो बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा सिंहाचा वाटा गुगलकडूनच येतो, फायरफॉक्समध्ये गुगल हेच आपोआप वापरलं जाणारं शोध इंजिन ठेवण्याबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती मोझिलाला होती, हे पैसे थांबतील म्हणून. सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम विकायला लावलं नाही, आणि असे पैसे देण्यावरही सरसकट बंदी आली नाही. म्हणजे तुम्ही ज्या घरात आसरा घ्यायला सांगताय त्याचं भाडं गुगलच भरतंय.

सडेकर (गुहागर)

भाडं गुगल भरतंय हे खरं, आणि मला ते आवडत नाही. तरी मोझिलाने विनंती अडवायची जुनी सोय फायरफॉक्समध्ये ठेवली आहे आणि ठेवणार असं जाहीर सांगितलंय. उद्या शब्द फिरवला तर त्यांनाही असंच बोलेन. आणि क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी सगळे एकाच क्रोमियमवर. दुसरी उभारणी जिवंत राहायची तर ती वापरणारी माणसं हवीत. माझ्या दुकानात मी दोन्ही ठेवलेत, कारण एका पोर्टलवर सहीचं साधन फायरफॉक्समध्ये चालत नाही. त्या कामापुरतं क्रोम. बाकी सगळं फायरफॉक्समध्ये.

@तळकोकण_वार्ता, दादा, तुमची बातमी मी रोज वाचतो, आणि तुमची साइट माझ्याकडे यूब्लॉकमधून मोकळी ठेवलेली आहे. त्या साइटवर असताना एक्स्टेन्शन उघडून मोठं निळं बटण दाबलं की झालं, तेवढ्या साइटपुरतं अडवणं बंद होतं. वाचकांना हे नीट सांगा, बरेच जण ऐकतील. दुसरं, तालुक्यातल्या सराफाची, नर्सरीची जाहिरात थेट तुमच्याच सर्व्हरवरून साधं चित्र म्हणून लावा. याद्यांचा मुख्य रोख तिऱ्हाईत सर्व्हरवरून येणाऱ्या कोडवर असतो, साध्या चित्रावर सहसा नसतो. फक्त फाइलच्या नावात 'ॲड' किंवा 'बॅनर' घालू नका, त्या शब्दांवर नियम असतात.

आगोम_घर (दापोली)

ज्यांना ब्राउझर बदलायचाच नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). तिथे जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्ड कंपनीच्या डीएनएसचं नाव टाकलं की बऱ्याच जाहिराती ब्राउझरच काय, ॲपमध्येही येत नाहीत. शोधातल्या 'प्रायोजित' ओळी आणि यूट्यूबच्या जाहिराती मात्र त्याने जात नाहीत, त्या त्याच कंपनीच्या पत्त्यावरून येतात. आणि कुठे लॉजच्या वायफायचं लॉगिनचं पान उघडलं नाही तर ते थोडा वेळ बंद करा.

तळकोकण_वार्ता (कणकवली)

सडेकर, चित्राची सूचना चांगली आहे. गणपतीच्या शुभेच्छांच्या जाहिराती आम्ही तशाच लावतो, आता वर्षभर करून बघू. पण सराफ आणि नर्सरीवाला देणार ते सणाला आणि हंगामाला. जून ते ऑगस्ट इथे कुणी जाहिरात देत नाही, आणि दरडी नेमक्या तेव्हाच कोसळतात. त्या तीन महिन्यांत आमच्या पानावर येणारा निम्मा वाचक मुंबई-ठाण्यातला चाकरमानी असतो, गावाकडचा रस्ता चालू आहे का ते बघायला आलेला. स्थानिक दुकानदाराला त्याचा उपयोग नाही, आणि तिऱ्हाईत जाहिरात तर तो अडवून बसलेला असतो. त्याच्याकडून पैसे कसे यावेत, यावर कुणाकडे चालणारा उपाय असेल तर मला तो खरंच हवाय.