प्रदर्शनापूर्वी जुन्या पद्मिनीला नवा रंग द्यावा का?

प्रश्न : कोपरखूण, सातारा

वडिलांनी वापरलेली १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार आमच्याकडे अजून चालू स्थितीत आहे. पुढील महिन्यात पुण्यात भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ती नेऊन दिवसभर तेथे थांबण्याचा विचार आहे. बॉनेटवरचा मूळ पांढरा रंग फिकटला आहे आणि गाडी चालवताना वडील काच खाली करून दारावर जेथे कोपर टेकवत, तेथे तो पार पत्र्यापर्यंत झिजला आहे. गॅरेजवाले संपूर्ण रंगकाम सुचवतात. आई मात्र त्या दाराला हात लावू देत नाही. रंग द्यावा का? सुमारे ११० किलोमीटर गाडी चालवत न्यावी, की टेम्पोवर चढवावी? आणि तेथे दिवसभर करायचे काय?

उत्तर : डिलाइट६६

आईंचे ऐका. मी माझ्या फियाट डिलाइटला चकचकीत मेटॅलिक रंग दिला, अलॉय चाके बसवली आणि मोठ्या तोऱ्यात प्रदर्शनात उभी केली. एक वयस्क गृहस्थ आले, चाकाशी वाकले आणि एवढेच म्हणाले, "हबकॅप कुठे गेल्या हो?" चाकांच्या मधोमध बसणाऱ्या त्या मूळ झाकण्या मी भंगारात दिल्या होत्या. तशाच चार परत मिळवण्यासाठी दोन वर्षे जुन्या बाजारात खेटे घातले. फिकट रंगाला हलके पॉलिश पुरेसे आहे. गंजाची गोष्ट मात्र वेगळी : पायाखालचे रबरी मॅट उचलून पत्रा पाहा, आणि तो सडला असेल तर रंगाचे पैसे तेथे घाला.

उत्तर : चोक ओढा

चालवतच न्या. १०८९ सीसीचे ते इंजिन ताशी साठच्या वेगाने पुण्यापर्यंत कुरकुरणार नाही. पहाटे पाचला निघालात तर ऊन चढण्याआधी पोहोचाल. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत आणि गाडी थांबायला वेळ लागतो, हे पुढची आधुनिक गाडी अचानक थांबते तेव्हा फार तीव्रतेने आठवते, म्हणून अंतर ठेवा. फॅन बेल्ट आणि ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट व कंडेन्सर जादा बरोबर घ्या. खरी परीक्षा परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर आहे : इंजिन तापले की त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत बंद पडते. अशा वेळी गाडीतल्या त्या पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे थांबणे हा जुना उपाय आजही चालतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर खराब होते, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा निघण्यापूर्वीच तपासून घ्या.

उत्तर : कुर्ल्याची गाडी

दिवस कसा जातो ते कळणारही नाही. पहिल्या तासात, गर्दी होण्यापूर्वी, इतरांच्या गाड्या पाहून घ्या. मालक मोकळे असतात आणि कोणत्या मेस्त्रीकडे पेट्रोल आणि हवा मिसळणारा सोलेक्स कार्बोरेटर नीट बसवून मिळतो, ही माहिती तेव्हाच हाती लागते. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावू नये, एवढा एक शिष्टाचार पाळावा. आपल्या गाडीपाशी छोटा फलक ठेवा, कारण कुर्ल्यात तयार झालेली हीच गाडी आधी फियाट डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली, हे अनेकांना नव्याने कळते.

एक तांत्रिक बाब : जाणकारांच्या काटेकोर वर्गीकरणात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधल्या गाड्या, त्यामुळे कोणी तुमच्या गाडीला क्लासिक म्हटले तर रागावू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांत मात्र पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातले वाहन विंटेज ठरते आणि त्याला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. परंतु अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. बाजारहाटाला पद्मिनी नेत असाल, तर ती नोंदणी विचारपूर्वक करा.

प्रश्नकर्ता : कोपरखूण, सातारा

जाऊन आलो. रंग दिला नाही. दुपारी मुंबईत अनेक वर्षे पद्मिनी टॅक्सी चालवलेले एक आजोबा आले आणि क्षणभर आत बसू का, असे त्यांनी विचारले. बसताच त्यांचा डावा हात न पाहता स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर गेला आणि उजवे कोपर नेमके त्या झिजलेल्या जागी टेकले. आई बराच वेळ काही बोलली नाही. खंबाटकीत ओले फडके एकदा लागलेच.