माशांच्या टाकीतल्या अनुबियास झाडावर काळं शेवाळ, लाइट किती तास?

प्रश्न: नागपूरच्या धरमपेठेत राहतो. दोन फुटी टाकी, पूर्वेच्या खिडकीत. एलईडी रोज 10 तास. अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे केसाळ झुपके आलेत, नखानं खरवडले तरी सुटत नाहीत. लई जीव लावून वाढवलं हो हे झाड!

उत्तर: भाऊ, टाकी आधी खिडकीतून हलवा. टायमर लावून लाइट 6 तासांवर आणा. अनुबियास सावलीतलं, सावकाश वाढणारं. जास्तीचा उजेड शेवाळालाच मिळतो. झुपक्यांची पानं कापा. हायड्रिला ही पाणवनस्पती लावा, ती भराभर पाण्यातलं खत ओढते, शेवाळाला कमी उरतं.

उत्तर: मे महिन्यात पाणी गार राहावं म्हणून पाण्यावर पंखाही सोडा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडतात.

प्रश्नकर्ता: चार पानं कापली. कंदाला हिरवा कोंब दिसतोय, तांदळाएवढा!