ऑरेगन ट्रेल : गर्न्सीला थांबाच
ऑरेगन ट्रेलवर (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्यांची बैलगाड्यांची वाट) आता नुसता हायवे उरलाय, बघायचं काय, असं एकाने विचारलंय. बराचसा हायवेच आहे, कबूल. पण वायोमिंगमध्ये गर्न्सीला थांबा. तिथल्या वालुकाश्मात बैलगाड्यांच्या चाकांनी काही ठिकाणी ५ फूट खोल चाकोऱ्या पाडल्यात. 'चाकोरी'चा मूळ अर्थ मला तिथे उभं राहिल्यावर आठवला! जवळच रजिस्टर क्लिफवर प्रवाशांनी कोरलेली नावं आहेत (आपल्या गडांवरचे बदाम आठवतातच). दिवसाला जेमतेम २५ किमी, तेही बहुतेकांचं गाडीशेजारून पायी. आपण एसीत बसून तेवढं पाव तासात कापतो. आणि हो, ही वाट रॉकी पर्वत जिथे ओलांडते त्या साउथ पासला अरुंद खिंड शोधत बसू नका. सुमारे ७,४०० फुटांवरचं ते उघडं माळरान आहे, म्हणूनच तर गाड्या पार होऊ शकल्या.