एकच जाड जॅकेट? शेतात नाही चालत

"एकच जाडजूड जॅकेट घ्या, विषय संपला" हे थंडीच्या कपड्यांबद्दलचं मत बाइकवरून ऑफिसला जाणाऱ्यांसाठी ठीक आहे. आमची द्राक्षबाग निफाडकडे. जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो आणि पाण्याची पाळी नेमकी तेव्हाच. फावडं हातात घेतलं की दहा मिनिटांत घाम फुटतो, जॅकेट बांधावर जातं. खरा घात आतलं सुती बनियन करतं. ते भिजतं, आणि काम थांबलं की अंगाला गार चिकटून बसतं. म्हणून आत खेळाचा पॉलिएस्टर टी-शर्ट, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ काहीतरी. तापलं की एकेक उतरवायचं.

स्टाइलचं म्हणाल तर घोंगडीला कुणी हात लावू शकत नाही! खोळ करून डोक्यावरून घेतली की कान, मान, पाठ सगळं झाकलं जातं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषते तरी ओली वाटत नाही, त्यामुळे दवाचं काही वाटत नाही. टोचते मात्र, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. माझी काळी, लाल काठाची आहे. पोरं हसायची, आता फोटोला मागून नेतात.