आधी न्यायालय की आधी करारांची नोकरी?

कृष्णाकाठ:
मी पुण्यात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर सातारा जिल्ह्यात, वडील शेतकरी. मुंबईतील एका कंपनीच्या विधी विभागात करारांचे मसुदे तपासण्याची नोकरी मिळते आहे आणि साताऱ्यातील एक ज्येष्ठ वकील मला ज्युनियर म्हणून घ्यायला तयार आहेत. पुढे दिवाणी न्यायाधीशपदाची परीक्षा द्यावी असे मनापासून वाटते, परंतु धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे असल्यामुळे पगाराकडे काणाडोळा करता येत नाही. आधी नोकरी करून मग न्यायालयात यावे का?

निशाणी पाच:
न्यायाधीश व्हायचे असेल तर हा क्रम धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागत असल्याने कंपनीतली वर्षे त्या हिशेबात धरता येणार नाहीत.

पैशाची ओढाताण मात्र खरी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. ज्येष्ठांना आकडा आधीच विचारा, त्यात संकोच नको. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे साताऱ्यात राहूनही उच्च न्यायालयाचे काम शिकता येईल.

दस्तलेखिका:
मी मुंबईत मालमत्तेचे दस्त करते. त्याआधी दोन वर्षे जिल्हा न्यायालयात होते, आणि मसुदा खऱ्या अर्थाने तिथेच शिकले. एका हक्कसोडपत्रात पूर्वेची चतुःसीमा ‘रस्ता’ अशी लिहिली होती आणि जागेवर होता ओढा. उलटतपासात त्या एका शब्दावर आमचा साक्षीदार असा अडखळला की पुढचे काही त्याला सांगताच येईना. तेव्हापासून मोजणीचा नकाशा समोर असल्याशिवाय मी चतुःसीमा लिहीत नाही.

तुम्ही मानता तशी या दोन कामांत भिंत मोठ्या शहरांत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी निशाणी पाचच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर युक्तिवाद करणारा वकीलच संध्याकाळी साठेखत लिहितो. ज्येष्ठांकडे बँकेच्या सर्च रिपोर्टचे, म्हणजे तारण मालमत्तेची मालकी तपासण्याचे, काम येते का, ते विचारा. तीस वर्षांचे फेरफार आणि सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) जुळवत बसणे कंटाळवाणे वाटते, पण ज्युनियरच्या हातात चार पैसे बहुधा त्यातूनच पडतात.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. नियम ४९ चा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. रविवारी ज्येष्ठांना भेटून विद्यावेतन आणि सर्च रिपोर्ट दोन्ही विचारते. कंपनीला महिनाअखेरपर्यंत कळवायचे आहे.