मदत हवी आहे : थरारकादंबरीचा नायक जाणकार आहे, पण कथा त्याच्यामुळे पुढे सरकत नाही

नमस्कार. जालना जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर मी एक थरारकादंबरी लिहीत आहे आणि तिचा निम्मा खर्डा तयार आहे. कथानक बऱ्यापैकी उभे राहिले आहे, मात्र मुख्य पात्र त्या कथानकाच्या मध्यभागी असूनही बाहेर बसल्यासारखे वाटते. त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

हबीब मास्तर हे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एकसष्ट वर्षांचे शिक्षक आहेत. त्यांना उर्दू तर येतेच, शिवाय वडिलांच्या स्नेहातल्या एका पटवाऱ्याकडून लहानपणी ते मोडीही शिकले आहेत. तहसील कचेरीबाहेर, मुद्रांक विक्रेत्यांच्या रांगेत बसून ते लोकांचे निजामकालीन कागद वाचून देतात. कादंबरीचा काळ २०२३ च्या हिवाळ्याचा आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता आणि मराठवाड्यात मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली होती, हे येथील वाचकांना आठवत असेलच. ज्या माणसाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याच्यासमोर रांग लागते, ही सुरुवात मला स्वतःला आवडते.

एक वकील त्यांच्याकडे एका मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या निजामकालीन अधिकृत कागदाची, नक्कल मराठी भाषांतरासाठी आणतो. दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन या कागदात मदतमाश, म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली, असल्याचे दाखवलेले असते. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातून धार्मिक संस्थांची इनामे वगळली गेली, व्यक्तिगत इनामे मात्र रद्द होऊन जमिनी कब्जेदारांच्या नावे होऊ शकल्या, त्यामुळे एवढ्या एका फरकावर जमीन विकता येणे न येणे अवलंबून आहे. शिवाय ती समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ आहे, म्हणून तिचे मोल कुणाला वेगळे सांगायला नको.

मास्तरांना कागद बनावट असल्याचे सनावरून कळते. त्यावर १३५७ फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कामकाजात चालणारा सन, असे लिहिलेले असते. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे कागद १९४७-४८ चा ठरतो. त्यावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे तो मात्र १९४० मध्येच वारलेला असतो. कागद बनवणाऱ्याने हिजरी सन धरलेला असतो, कारण हिजरी १३५७ म्हणजे १९३८ आणि तेव्हा तो अधिकारी हयात होता. पुढे ही नक्कल काढून देणारा अभिलेख कक्षातील शिपाई विहिरीत मृतावस्थेत सापडतो.

आता अडचण सांगते. इथून पुढे सगळी धावपळ मास्तरांचा पत्रकार भाचा करतो आणि मास्तर ओसरीवर बसून त्याला अर्थ सांगत राहतात. त्यांना ज्ञान आहे, पण त्यांना स्वतःला काही हवे आहे असे दिसत नाही. मी दोन उपाय करून पाहिले. त्यांच्या नातीचे अपहरण घडवले, तेव्हा ते धावले खरे. पण तसा कोणताही आजोबा धावला असता, त्यासाठी मोडी आणि उर्दू येणारा माणूस कशाला हवा? मग त्यांच्या भूतकाळात एक जुने पाप घातले. तेही वरून चिकटवल्यासारखे वाटले, आणि हल्ली प्रत्येक तपासकथेतल्या नायकाला असे एक पाप असतेच, त्याचा मला कंटाळा आला आहे.

दुसरा प्रश्न साधा, पण टाळता न येणारा आहे. कागद खोटा आहे हे कळल्यावर मास्तर सरळ वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे का जात नाहीत? "यंत्रणा भ्रष्ट आहे" एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद : गोदाकाठ, नांदेड

तुमच्या पात्राला भूतकाळ देण्याची गरजच नाही, त्याचे आजचे कामच त्याला अडकवू शकते. सध्याच्या मांडणीत मास्तर कागद पाहतात आणि लगेच ओळखतात. क्रम थोडा बदलून पाहा. रांग मोठी आहे, दिवस मावळतीला आला आहे. ते भाषांतर करतात, खाली सही करतात, पैसे घेतात आणि सनाचा हिशेब त्यांच्या डोक्यात रात्री जुळतो. भाषांतर शब्दशः बरोबर आहे, खोटा आहे तो मूळ कागद. परंतु ज्या कचेरीत उर्दू वाचणारा कोणी उरलेला नाही तिथे फाइलमध्ये वाचले जाणार आहे ते मास्तरांचे मराठी, आणि त्याखाली त्यांची सही आहे. आता त्यांना ती सही परत हवी आहे. ही इच्छा दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही, भाच्याची तर नाहीच.

आणखी एक. तुमचे मास्तर फार सज्जन झाले आहेत. आपले वाचन कधी चुकत नाही याचा त्यांना जरा गर्व असू द्या आणि त्या गर्वापोटी त्यांच्या हातून एखादी न शोभणारी गोष्ट घडू द्या, उदाहरणार्थ वकिलाला नक्कल परत करताना एक पान मागे ठेवून घेणे. सज्जन माणसाला वाचक मान देतो. दुसऱ्याचा कागद खिशात घालणाऱ्या माणसाच्या मागे मात्र पाने उलटत जातो.

प्रतिसाद : निवृत्त अव्वल कारकून, लातूर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. मास्तरांना अधिकाऱ्यांकडे जाऊ द्या, आणि लवकर जाऊ द्या. त्यांनी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला की त्याला आवक क्रमांक पडेल, प्रकरण नोंदले जाईल आणि गैरअर्जदारांना म्हणणे मांडण्यासाठी नोटीस निघेल. त्या नोटिशीसोबत अर्जाची प्रतही जाते. त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता आणि "सनाचा मेळ बसत नाही" हा मुद्दा, सर्व काही असते. कोणी लाच घेतली नाही, कोणी फोन केला नाही, सगळे नियमाने झाले, आणि तरीही ज्यांच्यापासून लपायचे त्यांच्या हाती मास्तरांचा पत्ता सरकारी शिक्क्यासह पोचला. दोन तारखांच्या मध्ये जो महिना-दीड महिना जातो त्यात तुमची कादंबरी घडू शकते.

बनावटीची पद्धतही किंचित बदलावी, असे सुचवतो. खोटी नक्कल बनवण्याचा धोका जाणकार माणूस घेणार नाही. तो खोटा कागद अभिलेख कक्षातल्या बस्त्यात घुसवील आणि मग रीतसर नक्कल अर्ज करून त्याची खरी नक्कल काढील. अशा वेळी शिपायाला ठाऊक असलेली गोष्ट एकच असते : त्या बस्त्याच्या सूचीत किती पाने लिहिली आहेत आणि आत किती आहेत. त्याच्या मरणाला हे कारण पुरेसे आहे.

जाता जाता, काळ २०२३ चा असल्याने गुन्हा भारतीय दंड संहितेखालीच दाखल होईल, कलम ४६७ वगैरे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. एवढ्या लहानशा गोष्टीवर वकील वाचक पुस्तक मिटून ठेवतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नोटिशीचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता. अपहरणाचे प्रकरण मी आजच काढून टाकले. मास्तर अर्ज देतील, तोही भाच्याचा सल्ला डावलून, आणि भाचा आता सहावे प्रकरण येईपर्यंत पुण्यातच राहील. सही परत मिळवण्यासाठी त्यांना अभिलेख कक्षात शिरावे लागेल, म्हणजे पानांची सूची पाहण्याचे काम इतर कुणाकडे सोपवता येणार नाही.

आता एक शंका उरते. कथन मास्तरांच्याच तोंडी ठेवावे, असे मनात आहे, कारण त्यांच्या दखनी वळणाच्या मराठीत, मधूनच "हौ" आणि "नक्को" म्हणत बोलण्यात एक गंमत आहे. परंतु मागे ठेवलेल्या पानाची गोष्ट त्यांनी वाचकापासून लपवली, तर प्रथमपुरुषी कथनात ती फसवणूक ठरेल का?

प्रतिसाद : गोदाकाठ, नांदेड

लपवूच नका. पान खिशात जाताना वाचकाला दिसू द्या आणि ते का ठेवले याचे मास्तरांनी स्वतःलाच दिलेले कारण खोटे असू द्या. पुढे उलटतपासणीत किंवा भाच्यासमोर ते कारण टिकत नाही तेव्हा वाचकाला धक्का बसेल, पण आपल्याला फसवले असे वाटणार नाही. दखनीचे प्रमाण मात्र संवादांपुरतेच ठेवा. निवेदन त्या ढंगात तीनशे पाने चालवले तर मास्तर हळूहळू विनोदी पात्र होऊन बसतील.