शाळेतला कृष्णवर्णीयांचा इतिहास: मराठी पालकाने काय सांगावं?

न्यूजर्सीकर: लेक सहावीत आहे. फेब्रुवारीत इथे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. बाईंनी पालकांनाही बोलायला बोलावलंय. दरवर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्सवरच गाडी थांबते. आपल्याकडचं काही सांगता येईल का?

खडूफळा: मलिक अंबर! मी सातवीला इतिहास शिकवते. इथिओपियात जन्म, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, फिरत फिरत दख्खनला आला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नहर-ए-अंबरी जरूर दाखवा. जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरात पाणी यायचं, हे ऐकलं की मुलांचे हात भराभर वर होतात. कळकळीने सांगते, गोष्ट गुलामीपाशी थांबवू नका.

सातारकर: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे आपलं पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, वर्गात तशीच वाचा.

न्यूजर्सीकर: दोन्ही घेते! खडूताई, मलिक अंबरच्या खुलताबादच्या कबरीचा फोटो लावू का?

खडूफळा: लावा ना. पण सुरुवात नहरीपासूनच करा.